धोक्याचा आकडा आणि आत्याचं घर

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ३७ वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या वडिलांची आई पन्नाशीच्या आत ‘छातीच्या गाठी’नं गेली. आत्याला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, उपचार झाले, आज ती साठीची आहे. गेल्या वर्षी त्याच आत्याच्या मुलीला, म्हणजे आतेबहिणीला, ३६व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग निघाला आणि तिच्यावर मुंबईत उपचार चालू आहेत. ही बातमीही त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळली, कारण हक्कसोडपत्रावर सही करण्यावरून वडील आणि आत्या नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. घाबरून त्यांनी मोबाइलवर धोका मोजणारे दोन गणक भरले. एकानं ‘सरासरीइतका’ असं सांगितलं, दुसऱ्यानं आयुष्यभराचा धोका २४ टक्के दाखवला. तेव्हापासून त्या रोज रात्री स्वतःची छाती चाचपतात. महिन्याला अडीच हजारांच्या हळदीच्या गोळ्या चालू आहेत. आई म्हणते, ‘हे वडिलांकडून येत नसतं.’ नवरा म्हणतो, ‘माहीत नसलेलंच बरं.’ त्यांना मात्र वाटतं, की दोन्ही स्तन काढून टाकावेत आणि मोकळं व्हावं, कारण मुलगी फक्त अकरा वर्षांची आहे. त्या विचारतात : कोणता आकडा खरा? मी आणि मुलीनं जनुकाची तपासणी करावी का? शस्त्रक्रिया कुठे करून मिळेल?

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या दोन आकड्यांकडे बघू, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे.

पहिल्या गणकानं तुम्हाला काय काय विचारलं ते तुम्ही लिहिलंय : वय, पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं बाळंतपण कधी झालं, स्तनाची बायोप्सी (म्हणजे तुकडा काढून तपासणी) झाली आहे का, आणि आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झाला आहे का. या प्रश्नांवरून तो ‘गेल मॉडेल’वर चालणारा असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले मिचेल गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ते मांडलं. ज्यांच्या घराण्यात फारसं काही नाही अशा बायकांसाठी ते आजही उपयोगी आहे. पण आता त्याचे प्रश्न पुन्हा वाचा. आत्याबद्दल त्यात काही नाही. आजीबद्दल नाही. आजार कितव्या वर्षी झाला हे नाही आणि अंडाशयाचा तर विषयच नाही. तुमच्या घरातली जी माहिती सगळ्यांत मोलाची, ती ठेवायला त्या कागदावर रकानाच नव्हता. म्हणून उत्तर ‘सरासरी’ आलं.

दुसरा गणक, जो दोन्हीकडच्या नातेवाइकांची वयं आणि अंडाशयाचे आजार विचारतो, तो बहुधा ब्रिटनमधलं टायरर-क्युझिक मॉडेल असावा. तुमच्या घराण्यासाठी तो जास्त जवळचा आहे. तरी २४ टक्के हा आकडा कपाळावर गोंदवून घेऊ नका. समजा, दोन हंडे आहेत. एकात कढत पाणी आहे, दुसऱ्यात गार. दोन्हींची सरासरी काढली तर कोमट येईल, पण तुम्ही ज्या हंड्यात हात घालाल त्यात कोमट पाणी नसेल. तुमचा २४चा आकडा या कोमट पाण्यासारखा आहे. तुमच्या घराण्यात एखादा जनुकीय दोष चालत आला असेल आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचला असेल, तर तुमचा धोका २४पेक्षा कितीतरी मोठा आहे. पोहोचला नसेल, तर तो जवळजवळ तुमच्या शाळेतल्या इतर शिक्षिकांइतकाच आहे. गणकाला यांतलं काय खरं हे माहीत नाही, म्हणून त्यानं दोन्ही मिसळून मधला आकडा दिला. मधल्या आकड्यावर शस्त्रक्रिया ठरवायची नसते.

आणखी एक गोष्ट. हे गणक मुख्यतः पाश्चात्त्य बायकांच्या माहितीवर बेतले आहेत. अमेरिकेत आठांतल्या एका बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. आपल्या देशातल्या नोंदण्यांवरून काढलेला अंदाज साधारण २९ जणींत एक असा आहे. आपल्याकडे मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी होते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. मुंबईत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण बार्शीच्या खेड्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळत आलं आहे. माणसं याच मातीतली, भाषाही बरीचशी एकच, तरी फरक एवढा. लग्नाचं वय, मुलांची संख्या, अंगावर पाजणं, वजन, हालचाल, अशा अनेक गोष्टींचा त्यात हात आहे. तेव्हा परदेशातल्या बायकांवर बेतलेला आकडा तालुक्याच्या गावात तंतोतंत बसेल असं धरून चालू नका.

आता तुमच्या आईचं म्हणणं. ‘वडिलांकडून येत नसतं’ हे मी इतक्या घरांतून ऐकलं आहे, की या सदरात ते ठळकपणे खोडून काढायलाच हवं. ते चूक आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं, की काही घराण्यांतला स्तनाचा कर्करोग १७व्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी बांधलेला आहे. चार वर्षांनी तिथला जनुक हाती लागला, तो बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी १३व्या गुणसूत्रावरचा बीआरसीए-२ सापडला. हे दोन्ही जनुक पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला मदत करतात. त्यात जन्मजात बिघाड असला, की दुरुस्ती अडते आणि वर्षानुवर्षांच्या चुका साठत जातात. १७वं आणि १३वं गुणसूत्र प्रत्येकाला एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतं. त्यामुळे बिघाड वडिलांकडूनही निम्म्या शक्यतेनं मुलांकडे येतो, मग ते मूल मुलगा असो की मुलगी. बापाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही म्हणून तो दिसत नाही, एवढंच. आजी, आत्या आणि मधे ठणठणीत वडील, हे चित्र जनुकशास्त्राच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं असतं.

तुमच्या घराण्यात असा दोष आहेच, असं मी म्हणत नाही. ते रक्ततपासणीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण चाळिशीच्या आसपास झालेला स्तनाचा कर्करोग आणि तरुण वयातला अंडाशयाचा कर्करोग एकाच रक्तात असणं, ही तपासणी करून घेण्याची पुरेशी कारणं आहेत. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे आनुवंशिक असतात. बाकी बहुसंख्य बायकांच्या घरात मागे कुणालाच काही झालेलं नसतं.

तर मग तुम्ही उद्या जाऊन रक्त द्यावं का? इथे मी तुम्हाला थांबवते.

तपासणी नेहमी आधी ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे तिची करायची असते. कारण सांगते. तुम्ही निरोगी आहात. समजा, तुमची तपासणी झाली आणि अहवालात काहीच निघालं नाही. त्याचे दोन अर्थ होतात. एक, घराण्यात दोष होता पण तो तुमच्याकडे आला नाही, म्हणजे आनंदाची बातमी. दुसरा, घराण्यातला दोष या तपासणीला सापडणारा नव्हताच, म्हणजे तुम्ही होतात तिथेच आहात. तो एकटा कागद हातात धरून यांतला कोणता अर्थ खरा हे कळणार नाही. आणि तुम्ही मात्र निर्धास्त होऊन बसाल. उलट आतेबहिणीच्या किंवा आत्याच्या रक्तात नेमका दोष सापडला, तर तुमच्या रक्तात तेवढाच एक दोष शोधायचा असतो, आणि मग ‘नाही’ याचा अर्थ खरोखर ‘नाही’ असा होतो.

आणि आता तुमच्या पत्रातलं जे वाचून मी थबकले ते सांगते. अंडाशयाचा कर्करोग निघाला, की वय काहीही असो, बीआरसीए तपासणी करावी असा आता सर्वमान्य सल्ला आहे. ती नुसती नातेवाइकांसाठी नसते. दोष सापडला तर त्यावर चालणारी ओलापॅरिबसारखी औषधं रुग्णाला देता येतात. म्हणजे तुमच्या आतेबहिणीची तपासणी कदाचित झालेलीही असेल. ज्या उत्तरासाठी तुम्ही गणक पालथे घातलेत, ते आत्याच्या घरी औषधांच्या फायलीत पडून असण्याची शक्यता आहे, आणि त्या घराशी तुमचं नऊ वर्षं बोलणं नाही.

त्या फायलीत दोष लिहिलेला असेल, असं सगळ्यांत वाईट धरून हिशेब करू. मग तो आत्यालाही असणार असं जवळपास धरून चालता येतं. तुमच्या वडिलांना तो असण्याची शक्यता दोनांत एक. तुम्हाला असण्याची चारांत एक. मुलीला आठांत एक. म्हणजे तसा अहवाल निघाला, तरी चारांतले तीन वाटे तुमच्या बाजूनं आहेत. आणि वडील रक्त द्यायला तयार झाले आणि त्यांच्यात दोष नसला, तर तुमचा, तुमच्या भावाचा आणि लेकीचा हा प्रश्न एका तपासणीत संपतो. वडिलांच्या स्वतःच्याही हिताचं आहे ते. बीआरसीए-२मधल्या दोषानं पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि क्वचित स्तनाचाही.

मुलीची तपासणी मात्र आता नको. अठराच्या आत ही तपासणी करत नाहीत. त्या वयात तिच्या निकालावर करण्यासारखं काहीच नसतं, आणि जाणून घ्यायचं की नाही हे तिनं मोठी झाल्यावर स्वतः ठरवायचं असतं. अकरा वर्षांच्या मुलीला तोपर्यंत एवढंच माहीत असलं तरी पुरे, की आत्याआजी आजारी होती आणि बरी झाली.

चारांतला तो एक वाटा तुमच्या वाट्याला आला तर काय? मोठ्या अभ्यासांतून आलेले आकडे लपवत नाही. बीआरसीए-१मध्ये दोष असलेल्या बायकांपैकी सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२मधल्या सुमारे ६९ टक्के बायकांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. अंडाशयाचे आकडे अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. हे आकडे पाश्चात्त्य घराण्यांतले आहेत, पण गांभीर्य कळायला पुरेसे आहेत.

इथे एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. तुमचं सगळं लक्ष स्तनांवर आहे. २०१३ साली अँजेलिना जोलीनं आपल्या शस्त्रक्रियेबद्दल जाहीरपणे लिहिलं, तेव्हापासून बहुतेकींचं तसंच होतं. पण तिनंच दोन वर्षांनी अंडाशय आणि बीजनलिकाही काढून घेतल्या, हे फारसं लक्षात राहिलं नाही. दोष असलेल्या बाईच्या स्तनांवर नजर ठेवता येते. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, अशी रीत आहे आणि त्यात गाठ बहुधा लहान असतानाच सापडते. अंडाशयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा प्रयोग झाला. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला, की तशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून दोष निघालाच, तर मुलं झाल्यानंतर, बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४०च्या दरम्यान आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात. त्या आजाराचा धोका त्यानं ८० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. किंमतही आहे : पाळी अचानक जाते, अंगातून वाफा येतात, हाडं आणि हृदय यांची काळजी लवकर सुरू करावी लागते.

स्तन काढण्याबद्दल मी ‘नको’ म्हणणार नाही. दोष सिद्ध झालेल्या बाईसाठी तो पूर्ण आदरानं विचार करण्यासारखा पर्याय आहे आणि धोका त्यानं ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पण ती एका दुपारची गोष्ट नाही. स्पर्शाची जाणीव बरीचशी जाते, नवी छाती घडवायची तर एकाहून जास्त शस्त्रक्रिया लागू शकतात, आणि आरशातल्या स्वतःशी पुन्हा ओळख करून घ्यायला वेळ लागतो. दोष नसताना, नुसत्या गणकाच्या आकड्यावर हे करून घेतलेलं तुम्हाला आयुष्यभर सलत राहील. ही घाईनं करायची शस्त्रक्रिया नाही. अहवालासाठी दोन-तीन महिने थांबल्यानं काही हातचं जात नाही.

अहवालाबद्दल आणखी एक सावधगिरी, आणि ती या सदराच्या सगळ्याच वाचकांसाठी. कधीकधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं येतं. इंग्रजीत त्याला व्हीयूएस म्हणतात. जनुकात काहीतरी वेगळं अक्षर दिसलं, पण ते घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. जगातल्या जनुकीय माहितीचा मोठा साठा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, त्यामुळे भारतीयांच्या अहवालात अशी अनिश्चित नोंद जास्त वेळा येते. त्यातले बहुतेक बदल पुढे निरुपद्रवीच ठरतात. अशा नोंदीवर कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. म्हणूनच रक्त देण्याआधी आणि दिल्यानंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणं हवं. टाटा रुग्णालयाच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक केंद्रात कर्करोग जनुकशास्त्राचं वेगळं क्लिनिक आहे. साताऱ्याहून तो एका दिवसाचा प्रवास आहे. जाताना कागदावर घराण्याचं झाड काढून न्या : दोन्हीकडची माणसं, कुणाला कोणता आजार, कितव्या वर्षी. तुमच्या दोन्ही गणकांपेक्षा तो कागद तिथल्या डॉक्टरांना जास्त सांगेल.

आता त्या रोजच्या रात्रीबद्दल. मैत्रिणी, ते चाचपणं थांबवा. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या २,६६,०६४ बायकांवर हाच प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतःची स्तनतपासणी शिकवली, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. दहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा करून २००२ साली निकाल आला : दोन्ही गटांत स्तनाच्या कर्करोगानं झालेले मृत्यू जवळपास सारखेच. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी झालेल्या बायोप्सी मात्र जास्त. रोज चाचपणाऱ्या बोटांना स्तनातली प्रत्येक नेहमीची ग्रंथी शत्रू वाटू लागते. स्वतःच्या शरीराची ओळख असणं वेगळं. आंघोळ करताना, कपडे बदलताना एखादा नवा कडकपणा जाणवला, त्वचा खळगा पडल्यासारखी ओढली गेली, बोंड आत गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, काखेत गाठ लागली, आणि एक पाळी होऊन गेली तरी ते तसंच राहिलं, तर डॉक्टरांकडे जायचं. बोंडातून रक्त आलं तर पाळीची वाटही बघायची नाही.

तपासणारे हात शिकलेले असले की मात्र फरक पडतो, आणि हे आपल्या मुंबईनंच दाखवलं. १९९८ पासून टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा वीस वर्षं माग ठेवला. निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. २०२१ साली निकाल आला. पुढच्या टप्प्यात सापडणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. मृत्यू एकूणात १५ टक्के कमी दिसले, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संशोधकांनी स्वतःच नोंदवलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. म्हणून वर्षातून एकदा जाणत्या डॉक्टरकडून तपासून घ्या. तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता मॅमोग्राफी आणि एमआरआय कधीपासून हे खारघरला विचारा. तरुण स्तन दाट असतात आणि नुसत्या मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून हा निर्णय गावातल्या एक्स-रे सेंटरवर सोडू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही घाईघाईत एक वाक्य लिहिलंय : ‘नोकरीमुळे मुलीला चार महिन्यांतच वरचं दूध सुरू केलं, ती चूक आता भोवेल का?’ नाही भोवणार. अंगावर पाजण्याचा आणि या आजाराचा संबंध खरा आहे. ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर बाईंनी १९२६ साली आजार असलेल्या ५०० आणि नसलेल्या ५०० बायकांच्या आयुष्याची तुलना करून त्याची पहिली नीट नोंद केली. पुढे २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची बेरीज झाली आणि आकडा मिळाला : पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी. पण हे ४.३ टक्के कशाचे? आहे त्या धोक्याचे. २९ जणींत एक म्हणजे शंभरांत साधारण साडेतीन. त्याचे ४.३ टक्के म्हणजे हजार बायकांत दीड बाई. पूर्ण वर्षभर पाजलं असतं तरी फरक एवढाच पडला असता. अकरा वर्षं हे ओझं वाहिलंत, आता खाली ठेवा.

‘अमुक टक्क्यांनी धोका वाढतो’ अशी बातमी वाचली, की दरवेळी हाच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : कशाचे टक्के? पाळी गेल्यानंतर घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांवरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग २००२ साली मधेच थांबवला, तेव्हा ‘२६ टक्के वाढ’ हे शब्द जगभर गाजले. प्रत्यक्षात ती दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जास्त, अशी होती. वाढ खरी होती आणि त्या गोळ्या बिनदिक्कत देणं थांबलं हे चांगलंच झालं. पण दोन्ही वाक्यं ऐकून होणारी छातीची धडधड सारखी नसते.

हळदीच्या गोळ्या बंद करा. हळद भाजीत राहू द्या. प्रयोगशाळेत पेशींवर तिचे परिणाम दिसले आहेत, पण ती गोळ्यांतून घेतल्यानं बायकांचा स्तनाचा कर्करोग टळतो, हे माणसांवरच्या कुठल्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. महिन्याचे अडीच हजार बाजूला टाकलेत तर काही महिन्यांत तपासणीचा खर्च निघेल. ज्यानं खरोखर फरक पडतो ते साधं आणि फुकटचं आहे : आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, पाळी जाण्याच्या वयात वजन चढू न देणं, दारूपासून लांब राहणं. एक औषधही आहे, टॅमॉक्सिफेन. अमेरिकेत जास्त धोक्याच्या १३,३८८ बायकांवर झालेल्या चाचणीत १९९८ साली दिसलं, की त्यानं स्तनाचा कर्करोग जवळजवळ निम्म्यानं कमी झाला. पण शिरांत रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा धोका थोडा वाढतो. तेव्हा ती डॉक्टरांसमोर बसून तोलायची गोष्ट आहे, दुकानातून आणायची नाही.

तुमच्या नवऱ्याचं ‘माहीत नसलेलंच बरं’ हे मला समजतं. ज्या माहितीवर काही करता येत नाही, ती नाकारण्याचा हक्क माणसाला आहे. पण इथे करता येण्यासारखं खूप आहे, आणि ते वेळेवर करण्यातच सगळा फायदा आहे. त्यांना खारघरला सोबत घेऊन जा. घरात तुम्ही समजावलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं, यांत फरक पडतो.

ज्या वाचकांच्या मनात आता ‘मग मीही तपासणी करू का’ असं आलं असेल, त्यांच्यासाठी : रक्ताच्या जवळच्या नात्यात, आईकडे किंवा वडिलांकडे, कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, दोन्ही स्तनांना झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह (ज्यावर संप्रेरकांवरची आणि हर-२वरची औषधं चालत नाहीत अशा) प्रकारचा असेल, अंडाशयाचा कर्करोग कोणत्याही वयात झाला असेल, किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. यातलं काहीच नसेल तर या तपासणीवर पैसे घालू नका. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रातही स्तनतपासणी होते, ती करून घ्या.

राहिला आत्याच्या घरचा प्रश्न. सातबाऱ्यावरची नावं मी सोडवू शकत नाही, आणि हक्कसोडपत्रावर सही न करणाऱ्या बहिणीची बाजू कायद्यानं भक्कम असते, हे तुमच्या वडिलांनाही ठाऊक असेल. पण आत्याचंही यात काही अडकलं आहे. लेकीच्या अहवालात दोष असेल आणि आत्यानं अजून स्वतःचे अंडाशय काढलेले नसतील, तर साठीतही तो धोका तिच्यावर आहे. म्हणजे तुम्ही काही मागायला निघालेल्या नाहीत. दोन्ही घरांचं एकच काम आहे.

वडिलांची परवानगी मागत बसू नका, त्यांना फक्त आधी सांगा, म्हणजे नंतर बाहेरून कळणार नाही. फोन आधी आतेबहिणीला करा, आत्याला नंतर. भांडण तुम्हा दोघींचं कधीच नव्हतं. आणि पहिल्या फोनवर अहवालाचं नाव काढू नका. केमो कितवी झाली, तोंड आलंय का, जेवण जातं का, रुग्णालयात सोबत कोण थांबतं, एवढंच विचारा. मुंबईला जाणं जमणार असेल तर घरचं काहीतरी करून न्या; केमोत गोडाची शिसारी येते बऱ्याच जणींना, म्हणून लिंबाचं लोणचं चालतं का ते तिलाच विचारून घ्या. कागदाचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला तरी चालेल.